चार घागरी जुनं पाणी

उमरग्याहून तुळजापूरच्या कचेरीत माझी बदली झाली तेव्हा अम्मानं एकच विचारलं, मासा कसा न्यायचा. भांडी, ट्रंका, माझी मोडकी कंबर, कशाचीच तिला फिकीर नव्हती.

मासा माझ्या धाकट्या भावाचा, पाशामियाँचा. हैदराबादेहून त्यानं काचेची पेटी आणि पाच सोनेरी मासे आणले होते. अठ्ठेचाळीस साली, पोलीस ॲक्शनच्या आठवड्यात, अणदूरला जाऊन येतो म्हणून तो निघाला आणि परत आला नाही. प्रेतही मिळालं नाही. पुढं चार मासे मेले, एक उरला. "ह्यो हाय तवर त्यो हाय," अम्मा म्हणायची, आणि नऊ वर्षं तिनं पाशाच्या नावानं फातिहा, मेलेल्या माणसासाठी पढतात ती, देऊ दिली नाही. पेटीचं पाणी मात्र बदलायचो मी. खरं सांगतो, त्या माशाचा मला वीट आला होता.

तरी नेला नीट, पाशानं शिकवलं होतं तसा. भरलेली पेटी उचलली की काचेचे सांधे सुटतात, म्हणून पाणी उपसलं, तळाचे खडे ओले राहतील एवढंच ठेवलं. मासा अर्ध्या भरलेल्या मडक्यात, तोंडाला मलमल बांधून. एकदम सगळ्या नव्या पाण्यात सोडला तर मासा टिकत नाही, म्हणून उपसलेलं पाणी चार घागरींत भरून बरोबर घेतलं. ट्रकवाला हसून म्हणाला, तुळजापुरात पाणी मिळत नाही का. हसला तर हसू दे. पेटी मागं गोधड्यांवर ठेवली, अम्मा मडकं मांडीवर घेऊन पुढं बसली आणि तुळजापूरपर्यंतचा एकेक खड्डा तिनं स्वतःच्या अंगावर घेतला.

पोचलो तेव्हा दिवस कलला होता. पेटी सपाट फळीवर मांडली. अम्मा आत नमाजला गेली, मी ट्रकवरून ट्रंका उतरवायला लागलो. तेवढ्यात शेजारच्या विठाबाई कमरेवर भरलेली घागर घेऊन आल्या. भली बाई. आमच्या घागरींतलं पिवळट पाणी बघून त्यांच्या जिवाला लागलं. कालचं पाणी रोज सकाळी ओतून टाकणारी माणसं आपण. नव्या घरात शिळं पाणी कसं ठेवायचं? मी आत येईपर्यंत त्यांनी चारही घागरी अंगणात रित्या केल्या होत्या आणि खेपा घालून पेटीसुद्धा काठोकाठ भरली होती. नवरात्राच्या यात्रेआधी पटकीच्या धास्तीनं विहिरीत औषध टाकलं होतं. त्याचा उग्र वास मला दारातच आला.

विठाबाई घरी गेल्या आणि अम्मा बाहेर आली. तिला संध्याकाळी नीट दिसत नसे, आणि तपकिरीनं नाक कधीचंच बधिर झालेलं. मलमल सोडत तिनं विचारलं, "पाणी तेच हाय न्हवं?"

मडक्यात मासा अजून दोन दिवस सहज राहिला असता. तोवर पेटीतल्या पाण्याचा वास उडाला असता. हे मला पक्कं ठाऊक होतं.

"व्हय," मी म्हणालो.

तिनं मासा पेटीत सोडला. कंदील लावेपर्यंत तो उलटा होऊन वर आला. अम्मानं त्याला बोटानं दोनदा हलवलं. विठाबाई भाकरी घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. पाणी आपणच बदललं असं सांगून त्या रडायला लागल्या. अम्मा त्यांना म्हणाली, तुमी भल्यासाठीच केलं, बाई. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. विचारलं काहीच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मासा तिनं आपल्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळला आणि माझ्या समोर बसली.

"आता पाशाची फातिहा दे. नाव मोठ्यानं घे."

मी हात वर केले. नऊ वर्षं मला हेच हवं होतं. सगळं पढलो, आणि नाव घ्यायच्या वेळी थांबलो. त्याची वाट एकटी अम्माच बघते, असं मी समजत आलो होतो. तिनं पुन्हा सांगितलं, मग आणखी एकदा सांगितलं. तेव्हा कुठं मी पाशामियाँचं नाव घेतलं, आणि माझा भाऊ मेला.