घासूनपुसून परत येणारा डबा

मी एक जुना तीन पुडांचा स्टीलचा डबा आहे, आणि मित्रांनो, माझ्या हातून एका आईचा विश्वासघात झाला आहे.

शिंदखेड्याजवळच्या एका गावात मंजुळाबाई मला सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवभाजी, ठेचा घालून भरायची. एस.टी.चा कंडक्टर तोताराम मला धुळ्याला पोचवायचा. तिथे तिची कुंदा वसतिगृहात राहून बारावी करत होती. संध्याकाळच्या गाडीने मी रिकामा परत यायचो.

एक्क्याण्णवच्या दिवाळीत कुंदाचा फोटो एका स्थळाकडून परत आला. "पोर जरा जाडी शे," आत्या कमलबाई सगळ्यांदेखत म्हणाली. सगळे हसले. कुंदाही हसली.

तेव्हापासून ती माझ्यातलं अन्न वसतिगृहामागच्या कुत्र्यांना घालू लागली. मग मला राखेने लख्ख घासायची. मला वाटायचं, किती जपते पोर! कसलं काय! तिने मला खोटा साक्षीदार केलं होतं. घरी मंजुळाबाई झाकण उघडून हरखायची, "बठ्ठा डबा रिकामा शे! मनी पोर पोटभर जेवस."

संक्रांतीला कमलबाई कुंदाला भेटून म्हणाली, "आते कशी नामी दिसस!" ते कौतुक तिला तिळगुळाहून गोड लागलं.

फेब्रुवारीत मी तोतारामच्या हातून पडलो. माझी कडी वाकली. कुंदाच्या बोटांत ती उघडण्याचं बळच नव्हतं, म्हणून मी भरलेलाच घरी आलो. मंजुळाबाईने पकडीने कडी उघडली. भाकरी तशीच!

सकाळच्या पहिल्या गाडीने ती धुळ्याला गेली. स्वेटरच्या आत हाडंच उरलेली लेक पाहून तिने तिचे खांदे चाचपले. "मंग डबा रोज रिकामा कसा उना?"

"तू बी हसनी व्हती ना, माय," कुंदा एवढंच म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "हे नखरे नाहीत, आजार आहे. तो एका टोमण्याने होत नाही. स्वभाव, बारावीत पहिलं येण्याचा ताण, जाडीची भीती, बारीक झाल्यावरचं कौतुक, सगळं मिळून होतो. घास कोंबू नका. उपचारांना वेळ लागेल."

वेळ लागलाच, कुंदा बरेच महिने घरी होती. कमलबाईचा मला अजून राग येतो, स्वतःचा त्याहून जास्त. मित्रांनो, कुणाच्या अंगकाठीवरून हसू नका. आणि माणूस जेवलं का, हे डब्याला विचारू नका, त्याच्यासमोर बसून बघा.

कुंदा पुन्हा वसतिगृहात गेली, तेव्हा पहिल्याच दिवशी मी न घासलेला परत आलो. मंजुळाबाईने झाकण उघडलं आणि पदराने डोळे पुसले.

"अर्धी भाकरी उरनी. म्हणजे अर्धी खरंच खादी मनी पोरनी."