अक्ताऊ, सव्वातीन तास

माझी धाकटी बहीण कामशात एकोणतीस वर्षांपूर्वी वडिलांच्या मर्जीविरुद्ध लग्न करून अक्ताऊला गेली, पार कॅस्पियनच्या काठी. आमचं गाव अल्माटीजवळ, देशाच्या दुसऱ्या टोकाला. "आगगाडीनं अडीच दिवस लागतात, दादा, कसं जमायचं?" हे तिचं फोनवरचं नेहमीचं. मलाही ते पटायचं. नऊ वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हाही ती आली नाही.

यंदा मला साठ पूर्ण झाली, तेव्हा मुलगी ऐनाश म्हणाली, "बाबा, आत्याला भेटून या. तिकीट काढलंय."

"अडीच दिवस बसून माझी कंबर राहील का?"

"विमानानं हो! सव्वातीन तास."

"कुठल्या अक्ताऊला?"

"आत्याच्याच! दोन हजार किलोमीटरच्या वर आहे, पण विमान रोज जातं. माझ्या जन्माआधीपासून जात असेल."

माझा चहाचा वाडगा हातातच राहिला. सव्वातीन तास! मेंढ्या वरच्या कुरणावर न्यायला मला याहून जास्त लागतात. आणि ही सख्ख्या आईच्या मातीला आली नाही!

विमानात सगळा वेळ तिला काय काय सुनावायचं तेच घोकत होतो.

दार कामशातनंच उघडलं. केस पांढरे, चेहरा थेट आईचा. मी सलामही केला नाही.

"सकाळी घरी चहा पिऊन निघालो, जेवायला तुझ्या दारात. अडीच दिवस काय गं? लाज नाही वाटली?"

ती चौकट धरून उभी राहिली. "आई गेली त्या दिवशी आले होते, दादा."

"कुठं?"

"अल्माटीला. दुपारी उतरले. बाबा म्हणाले होते ना, उंबऱ्यात पाय ठेवू नकोस म्हणून. मयताच्या घरी, चारचौघांत हाकललं असतं तर? विमानतळावरच बाकावर बसून राहिले. मग परतीचं विमान धरलं."

त्या दुपारी मीही तिथंच होतो, मामाला आणायला.

"बघितलं तुला," ती म्हणाली. "मामाच्या गळ्यात पडून रडत होतास. दहा पावलांवर."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तोंड उघडलं होतं रे. आवाजच फुटला नाही."

"अगं, बाबाही गेले चार वर्षांपूर्वी. त्यानंतर तरी?"

"तोवर अडीच दिवस, अडीच दिवस इतक्यांदा सांगून बसले होते... विमान आहे हे कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

मी बुटांसकट तिथंच उंबऱ्यावर बसलो. सुनावायला घोकलेलं एकही वाक्य आठवेना. तिच्या नवऱ्यानं गुपचूप पाणी आणून दिलं. पाणी संपल्यावर मी ऐनाशला फोन लावला, "परवाची दोन तिकिटं काढ."

गावी पोचल्यावर कामशातनं आमच्या चुलीवर, गेलेल्या माणसासाठी आमच्याकडे तळतात तशा, आईच्या नावानं सात पोळ्या तळल्या आणि शेजाऱ्यांत वाटल्या. मग आम्ही कबरीवर गेलो. ती बराच वेळ मातीवर हात ठेवून बसली होती. मी बाजूला उभा होतो. राग अजून होता, पण तो नेमका कोणावर, ते काही मला ठरवता येईना.