स्वयंपाकघरातल्या चपला

विनीताला संधिवात होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरानं तिला मोजे काढायला सांगितलं नव्हतं. हातांची बोटं दाबून बघायची, रक्ताचा रिपोर्ट चाळायचा आणि खूश व्हायचं, एवढंच.

"एकदम बढिया कंट्रोल है, मॅडम."

"सर, पाय फार दुखतात."

"थोडा-बहुत तो रहेगा. वजन कम कीजिए."

वजन! तिला तर सगळे ब्लाउज आत घ्यावे लागले होते. सकाळी पलंगावरून उतरलं की चवड्याखाली कुणी खडे अंथरून ठेवल्यासारखं वाटायचं. बोटं एकमेकांवर चढलेली, अंगठा आत वळलेला. राजवाड्याच्या बाजारातल्या दुकानांत रुंद तोंडाची चप्पल मागितली की पोरं म्हणायची, "पहनते-पहनते ढीली हो जाएगी, आंटी." चप्पल कधीच ढिली झाली नाही, बोटांवरची सालं मात्र निघाली.

उजव्या चवड्याखाली टणक घट्टा पडला होता. ती शिकवायची त्या शाळेतल्या एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून विनीतानं तो ब्लेडनं तासला. आठ-दहा दिवसांत तिथं जखम झाली, मग पू. तशाच पायानं ती पाचवीच्या वर्गावर उभी राहत होती.

त्या खेपेला डॉक्टरांनी सवयीनं तिचा हात धरला, तेव्हा तिनं तो ओढून घेतला. मोजा काढला आणि पाय तपासायच्या पलंगावर ठेवला.

"आज पहले ये देखिए."

डॉक्टर वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग चिडले. "ब्लेड चलाने को किसने कहा?"

"किसी ने नहीं कहा. पर मत चलाओ, ये भी किसी ने नहीं कहा," विनीता म्हणाली. तिचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला असावा, कारण कंपाउंडरनं दारातून डोकावून पाहिलं.

संधिवाताच्या औषधांमुळे अंगातली प्रतिकारशक्ती कमी असते, अशा पायाची जखम अंगावर काढायची नसते, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. जखम भरेपर्यंत त्या गोळ्या बंद झाल्या आणि जखमेसाठी दुसऱ्या सुरू झाल्या. मापाच्या चपला करून घ्यायला सांगितल्या: पुढून रुंद, तळ मऊ, चवड्याच्या मागे छोटीशी गादी.

"घर में भी नंगे पैर नहीं चलना."

"किचन में भी?"

"वहीं तो सबसे ज्यादा खडी रहती हैं आप."

घर अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या गल्लीत. सासरे प्रतापराव, म्हणजे आबासाहेब, यांचे आजोबा होळकरांच्या फौजेत अधिकारी होते, आणि घरात चप्पल दाराबाहेर ही शिस्त तेव्हापासूनची. देव्हाराही स्वयंपाकघरातच. नव्या चपला घालून विनीता ओट्याशी उभी राहिली, तेव्हा आबासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"सूनबाई, पायात चपला आहेत."

"हो आबासाहेब. नव्या आहेत, बाहेर वापरणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"आत देव आहेत."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. हृषीकेश मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, "अरे यार, मोजे घाल ना. जाड वाले. क्या है की, आबांना उगीच त्रास."

जखम, पू, गोळ्या, सगळं तिनं आदल्या संध्याकाळी या दोघांसमोर सांगितलं होतं. दोघांनी माना डोलावल्या होत्या. विनीतानं गॅस बंद केला.

"मग पोळ्या तू कर," ती हृषीकेशला म्हणाली, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पाय वर घेऊन बसली.

पहिले दोन दिवस नाक्यावरून पोहे-जिलबी आली. मग हृषीकेशनं खिचडी लावली, भांडी घासली, आणि रात्रीच्या जेवणाला बसताना मित्रांशी बोलावं तसं तिला म्हणाला, "भिया, उभं राहून पाय भरून आले माझे."

विनीतानं आपलं ताट घट्ट धरलं. नाहीतर ते उचलून फेकलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाटखूट ऐकून ती उठली. आबासाहेब एकटेच देव्हारा आपल्या खोलीत हलवत होते. टाक, शंख, घंटा, सगळं एकेक करून नेत होते. ती मदतीला पुढे झाली, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"आता घाल काय घालायचं ते," तिच्याकडे न बघता ते म्हणाले.

ही परवानगी होती की नाराजी, तिला कळेना. सुनेनं देवांना घराबाहेर काढल्यासारखं तोंड करून ते पूजेला बसले. तिला आभार मानावेसे वाटले आणि ओरडावंसंही वाटलं. दुखऱ्या पायात चप्पल घालायची, एवढ्यासाठी घरात एवढं रामायण!

पुढे जखम भरली. उभं राहणं सुसह्य झालं. वळलेली बोटं मात्र सरळ होणार नव्हती. आधी कुणी बघितली असती तर इतकी वळली नसती, असं चपला करणाऱ्या बाईंनी माप घेताना सहज म्हटलं होतं. ते वाक्य कुकरच्या शिट्ट्या मोजतानासुद्धा विनीताच्या डोक्यात घोळत राहायचं.