चार बोटे खालची वाळू

मित्रांनो, भोके पाडण्यात उभे आयुष्य घालवलेला मी एक जुना कटर आहे आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

गोल्फच्या मैदानावर चेंडू शेवटी ज्या भोकात पडतो, ते भोक तिथे आपोआप उगवत नाही. ते रोज सकाळी नव्याने पाडावे लागते. माझे रूप म्हणाल तर अगदी साधे. बुड नसलेला पोलादी डबा, खाली धार, वर दोन हातांनी धरायची आडवी मूठ. रुंदी बरोबर सव्वाचार इंच. मैदानावर येणाऱ्या भल्याभल्यांच्या कंबरा इतक्या वर्षांत वाढल्या, माझी केसभरही वाढली नाही.

एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या टर्नरने माझी धार अंगठ्याने तपासली आणि अंगठाच कापून घेतला. "अरे बाप रे, लागलं की!" हे मी ऐकलेले पहिले शब्द. मग तेलकट कागदात गुंडाळून मला या सार्वजनिक मैदानाच्या अवजारांच्या खोलीत आणले गेले. त्याच आठवड्यात इथे एक नवा माळी कामाला लागला. 'बुवा' म्हणण्याजोगे त्याचे वय नव्हते, पण कामात तो इतका गंभीर की महिन्याभरात सगळे त्याला माळीबुवा म्हणू लागले. आम्ही दोघांनी एकतीस वर्षे बरोबर काढली.

आमचे काम असे. एकाच जागी भोक राहिले तर भोवतीचे गवत लोकांच्या पायांनी मरते. म्हणून माळी रोज नवी जागा निवडतो, मला मातीत दाबतो, इकडून तिकडे पिळतो आणि वर ओढतो. माझ्या पोटात वीतभर उंचीचा मातीचा गड्डा येतो, वर गवत आणि खाली मुळे. तो गड्डा कालच्या भोकात बसवायचा, पायाने चेपायचा, वर झारीने पाणी घालायचे. दुपारपर्यंत काल इथे भोक होते हे कुणाला शपथेवर सांगितले तरी पटत नाही.

आमच्या मैदानाला अशी नऊ भोके. प्रत्येकाभोवती बारीक कापलेली हिरवळ असते, तिला सगळे ग्रीन म्हणतात. पाच ग्रीन वर टेकाडावर आणि चार खाली फाटकाजवळ, सपाटीवर. खिडकीत तिकीट घेतले की कुणीही खेळावे. रुग्णालयातल्या कामावरून सुटलेल्या परिचारिका येत, बसचालक येत, पेन्शनर तर ठाण मांडूनच असत. चेंडू भोकात गेला नाही की कुणी वाऱ्याला दोष देई, कुणी सोबत आलेल्या मेहुण्याला. तिकिटाच्या खिडकीत माळीबुवांची बायको बसत असे. तिला सगळे वहिनी म्हणत.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला आवडत नाही, पण सांगतो.

दरवर्षी ग्रीनवर जाड वाळूचा पातळ थर पसरतात. तिच्यातून पाणी झिरपते आणि मुळांना हवा मिळते. चौदा वर्षांपूर्वी वरच्या पाच ग्रीनवर वाळू पसरून झाली आणि संपली. खालच्या चारांची गाडी आलीच नाही. इकडे तपासणी आठ दिवसांवर आलेली. शहरातल्या सगळ्या सार्वजनिक मैदानांतून एकाला ढाल मिळायची होती, आणि माळीबुवांना ती हवी होती. भिंतीपलीकडे एका नव्या इमारतीला गिलावा चालू होता. माळीबुवांनी तिथल्या मुकादमाकडून गिलाव्याची बारीक वाळू मागून आणली आणि खालच्या चारही ग्रीनवर चांगली अर्धे बोट जाड पसरली. ग्रीन आरशासारखे गुळगुळीत झाले. तपासणीला आलेल्या साहेबांनी बूट काढून त्यावर चालून पाहिले आणि म्हणाले, "याला म्हणतात हात!" ढाल मिळाली आणि माझ्या खुंटीच्या वरच्या खिळ्यावर लागली.

बारीक वाळू ओली झाली की पिठासारखी घट्ट बसते. पुढच्या वर्षांत तिच्यावर जाड वाळूचे थर चढत गेले आणि ती चार बोटे खाली गाडली गेली. वरून काही दिसत नव्हते, पण माझ्या पोटात रोज दिसत होते. वर पिवळसर वाळू, मग एक राखाडी पट्टा, आणि त्याखाली काळी, कुजकट वासाची माती. मुळे त्या पट्ट्यापर्यंत येत आणि आडवी वळत. पहिल्यांदा तो पट्टा दिसला तेव्हा माळीबुवांनी त्यावर नख ओढून पाहिले. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी तो झटकन कालच्या भोकात बसवला. त्या दिवसापासून खालच्या ग्रीनवर त्यांनी मला दुसऱ्या कुणाच्या हाती दिले नाही. लोक म्हणाले, केवढी ही जमिनीवर माया!

माया होतीच, ते मी नाकारत नाही. पण तोंडाला कुलूपही होते. यंदा सांगू, पुढच्या वर्षी सांगू, असे करता करता ढालीवर धूळ बसली आणि खालच्या ग्रीनवर पाणी तुंबू लागले. सर आली की दोन-दोन दिवस खेळ बंद. माणसे म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय. आमच्याकडे ते मुरत नव्हते हीच तक्रार होती.

शेवटी नगरपालिकेने मैदानाचे नूतनीकरण करायचे ठरवले आणि नकाशे करायला एक बाई आल्या. काखेत कागदांची गुंडाळी, पायात गुडघ्यापर्यंत बूट. आम्ही त्यांना आराखडेबाई म्हणू लागलो. बाई कामाच्या पक्क्या होत्या. बिनबुडाचा डबा ग्रीनमध्ये ठोकायचा, त्यात पाणी ओतायचे आणि घड्याळ लावून बसायचे. टेकाडावर पाणी भराभर जिरले. खाली डबा भरला तसाच राहिला. तीन आठवडे त्यांनी हे केले आणि माळीबुवा त्यांना बादल्या भरून आणून देत होते.

एकदा बाईंनी सरळच विचारले, "खाली कधी वेगळी माती, वेगळी वाळू टाकली होती का हो?"

"नाही बाई. दरवर्षी तीच," माळीबुवा म्हणाले.

मी त्यांच्याच हातात होतो. त्यांची पकड एवढी घट्ट झाली की माझी मूठ करकरली.

बाईंनी मग त्या उत्तरावरून जो निघायचा तोच निष्कर्ष काढला. खालची जमीनच दलदलीची, तिथे ग्रीन टिकणार नाहीत. नव्या नकाशात वरची पाच भोके राहिली, आणि खालच्या चारांच्या जागी गाड्या लावायचा तळ आला. नगरपालिकेच्या सोमवारच्या सभेत त्यावर शिक्का बसायचा होता.

नकाशा खिडकीशेजारी लावला तेव्हा पहिल्यांदा तो टेलरआजींनी पाहिला. आजींनी जन्मभर शाळांचे गणवेश शिवले. आता रोज सकाळी पहिले तिकीट त्यांचे. खालची चार भोके खेळायची आणि घरी जायचे, हा नेम.

"अगं, हे काय काढलंयस?" आजी बाईंना म्हणाल्या. "माझे गुडघे ते टेकाड चढायचे नाहीत. वरच्या पाचांत पाठवायचं म्हणजे मला घरीच बसवायचं की!"

"आजी, मलाही वाईट वाटतंय. पण जमीनच तशी आहे, त्याला मी काय करू?"

"माळीबुवा, तुम्ही तरी सांगा हिला. तुमच्या हाताखालची जमीन आहे. कधी होती का दलदल?"

"बघू आजी," एवढेच बोलून माळीबुवा मला घेऊन चालू लागले. मला त्यांचा राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आला.

दुपारी वहिनी जेवणाचा डबा घेऊन अवजारांच्या खोलीत आल्या. डबा त्यांनी बाकावर ठेवला, उघडला मात्र नाही.

"अहो, आजींना 'बघू' काय म्हणता? काय बघणार आहात?"

"निवृत्तीला आठ महिने राहिलेत माझ्या. आठ महिन्यांसाठी सगळ्या नोकरीवर पाणी सोडू?"

"पाणी तर ग्रीनवर तुंबलंय. आणि मला काय सांगताय, ती वाळू हातगाडीत भरायला मीही होते ना तेव्हा."

माळीबुवा ढालीकडे पाहू लागले.

"मी तुम्हाला काही शिकवत नाही," वहिनी म्हणाल्या. "फक्त सोमवारनंतर आजी खिडकीशी आल्या की मी त्यांना काय सांगायचं, तेवढं मला सांगून ठेवा." आणि त्या निघून गेल्या. डबा संध्याकाळपर्यंत तसाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सातव्या ग्रीनवर गेलो. माळीबुवांनी मला दाबले, पिळले, वर ओढले. गड्डा आला, राखाडी पट्ट्यासकट. पण तो कालच्या भोकाकडे गेला नाही. माळीबुवा तसेच कार्यालयात शिरले आणि त्यांनी माझ्या पोटातला गड्डा आराखडेबाईंच्या टेबलावर, थेट नकाशावर ठेवला.

"अहो, चिखल! माझा नकाशा!"

"राहू द्या बाई. आधी हे बघा." त्यांनी पट्ट्यावर बोट ठेवले. "ही गिलाव्याची वाळू आहे. चौदा वर्षांपूर्वी मीच टाकली. खालच्या चारही ग्रीनवर. जमिनीचा काही दोष नाही, हिच्याखाली जमीन चांगली आहे."

बाईंनी गड्डा जवळ ओढला. त्यांनी पेल्यातले पाणी गड्ड्यावर ओतले. पाणी चार बोटे खाली उतरले, पट्ट्याशी अडले आणि बाजूने नकाशावर वाहू लागले. मग मात्र त्या उठल्याच.

"तीन आठवडे मी तिथे डबे ठोकत बसले. आणि तुम्ही शेजारी उभे राहून मला पाणी आणून देत होतात!"

"हो बाई. आणून देत होतो."

एवढे खरे उत्तर मिळाल्यावर माणूस किती रागावणार? बाई खाली बसल्या, ओला नकाशा झटकला आणि म्हणाल्या, "सोमवारी हे सभेत सांगावं लागेल. माझ्या तोंडून नाही चालणार."

सोमवारी मलाही सभेत नेले. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि मधोमध वर्तमानपत्रावर मी. असा मान माझ्या कुळात कुणाला मिळाला नसेल. माळीबुवा उभे राहिले. त्यांनी काखेतली ढाल काढून माझ्याशेजारी ठेवली आणि सगळे सांगितले. एक शब्दही गाळला नाही. सभेतल्या मोठ्या साहेबांनी विचारले, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" माळीबुवा म्हणाले, "लाज वाटत होती साहेब. आणि जेवढा उशीर होई तेवढी जास्त वाटे."

खालच्या ग्रीनवरचा शिक्का त्या दिवशी टळला. पण खात्री हवी म्हणून बाईंनी मला कामाला लावले. खालच्या ग्रीनवर दर पाच पावलांवर एक गड्डा काढायचा, पट्टा किती खोल ते लिहायचे आणि गड्डा परत बसवायचा. सहा दिवसांत मी जेवढी भोके पाडली तेवढी एरवी दोन आठवड्यांत पाडत नसे. माझी धार बोथटली, पण वाळू कुठवर आहे ते कळले. मग गवताच्या पट्ट्या चटईसारख्या गुंडाळून बाजूला ठेवल्या, राखाडी थर त्याखालच्या कुजक्या मातीसकट खरवडून काढला, जाड वाळू भरली आणि गवत पुन्हा अंथरले. गाड्यांच्या तळासाठी बाईंनी फाटकाबाहेरची पडीक जागा शोधली.

सगळे गोड झाले असे मात्र समजू नका. माळीबुवांच्या कामाच्या नोंदीत ताशेरा बसला. ढाल गेली. काही नेहमीच्या मंडळींनी त्यांच्याशी बोलणे कमी केले. माझ्याही जागी नवा कटर आला, चकचकीत आणि हलका, पायाने दाबायचा. मला वाटले, संपले आपले. पण खालचे ग्रीन उघडायच्या दिवशी माळीबुवांनी खुंटीवरून मलाच काढले. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा पंधरा दिवस होते.

सातव्या ग्रीनवर माणसे जमली होती. टेलरआजी अगदी पुढे होत्या. माळीबुवांनी मला दाबले, पिळले, वर ओढले. गड्डा वरपासून खालपर्यंत एकाच रंगाचा निघाला आणि मुळे सरळ खाली गेलेली. माळीबुवांनी तो गवतावर सगळ्यांसमोर ठेवला आणि बाजूला झाले. झाकायची घाई नाही, इकडेतिकडे पाहणे नाही. आजी वाकून बघत राहिल्या. वहिनी तेवढ्यापुरती खिडकी बंद करून आल्या होत्या. माळीबुवांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

मित्रांनो, मी आता खुंटीवरच असतो. माझे मागणे मोठे नाही. अवजार वापरले की पुसून ठेवत जा, ओली माती धारेला खाते. आणि सांभाळायला दिलेली एखादी गोष्ट तुमच्या हातून बिघडली, तर ती बुजवून वरून पाणी घालू नका. आमच्यासारखी अवजारे आत काय आहे ते वर काढून देतात. तोंड मात्र माणसालाच उघडावे लागते.