वाजलं म्हणून थांबवलं

मित्रांनो, माझ्यावर आजवर एकही गुन्हा शाबीत झालेला नाही. तरीही आमच्या भागातल्या पोलिसांनी मला जितक्या वेळा थांबवलं, तितकं एखाद्या अट्टल चोरालाही थांबवलं नसेल. मी एक जुनी पांढरी गाडी आहे. पुढे दोघांना बसायला जागा, मागे उघडा हौदा, आणि अंगावर इथल्या तांबड्या मातीचा थर. हौद्यात मी चाऱ्याचे गठ्ठे, कुत्री, पलंग आणि एकदा चर्चची बाजाची पेटीही वाहिली आहे. चोरीचा माल कधीच नाही.

माझा जन्म दक्षिणेकडे, समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. तो कारखाना आता बंद पडला. पहिली अनेक वर्षं मी हॅलम नावाच्या एका गोऱ्या गृहस्थांकडे होते. त्यांचं मेंढ्यांचं मोठं कुरण होतं. लोकर कापण्याच्या एका सबंध हंगामात माझा मागचा दिवा फुटलेला होता, पण कुणी हटकलं नाही. पोलिस भेटले, तर माझ्या दाराला टेकून पावसापाण्याच्या गप्पा मारत. हौद्यात काय आहे, हे कुणी विचारलं नाही.

हॅलमसाहेब थकले आणि त्यांनी मला लिरॉयला विकलं. लिरॉय नदीकाठच्या वस्तीतला, इथल्या मूळच्या लोकांपैकी. तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. त्याने पहिल्याच आठवड्यात माझा दिवा बसवला, ब्रेक नीट केले, पोचेही ठोकून काढले. इतकी निगा आधी कुणीच राखली नव्हती. पण त्याच आठवड्यात मला पहिल्यांदा थांबवलं गेलं.

"गाडी कुणाची?"

"माझी."

"नक्की?"

कागदपत्रं ठीक होती. हौद्यात एक सुटं चाक होतं. पोलिसांनी तेही उलटंपालटं करून पाहिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच झालं. गाडी तीच, रस्ता तोच. फक्त स्टिअरिंगवरचे हात बदलले होते.

तरी तो माणसांचा संशय होता, मित्रांनो. माणूस जेवायला जातो, सुट्टी घेतो, कधी कंटाळतोही. मग पोलिसांच्या गाडीच्या टपावर दोन काळे डोळे बसले. ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीची नंबरप्लेट वाचत आणि शहरातल्या कुठल्याशा मोठ्या यंत्राला विचारत, ही गाडी कशी? ते यंत्र स्वतःच शिकतं, स्वतःच ठरवतं, असं पोलिस कौतुकाने सांगत. त्याने धोका आहे म्हटलं, की पोलिसांच्या गाडीत टिंग वाजे. माझा नंबर दिसला की ते हमखास वाजे.

लिरॉयच्या शेजारी बहुतेक वेळा एडनामावशी बसलेली असे. ती त्याच्या आईची थोरली बहीण. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा मोठ्या गावच्या दवाखान्यात जाऊन तिला यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. लिरॉय जिनिंगमध्ये रात्रपाळी करून दिवसा तिला नेत असे. वस्तीतल्या बाकीच्या गाड्या एवढा लांबचा पल्ला मारण्याजोग्या नव्हत्या.

मावशीने पोलिसांच्या यंत्राचं नाव 'चोमडी' ठेवलं होतं.

एकदा ब्रॉनविन टेट नावाच्या तरुण पोलिसबाईने आम्हाला थांबवलं, तेव्हा मावशीने काच खाली केली. "काय गं, चोमडीनं काय चहाडी केली आज?"

"यंत्र वाजलं, बाई."

"का वाजलं?"

"ते सांगत नाही."

"तू विचारत नाहीस?"

"त्याला विचारता येत नाही."

मावशी लिरॉयकडे वळली. "बघ. एक यंत्र मला जगवतं आणि दुसरं मला तिथवर पोचू देत नाही. दोघांची एकदा गाठ घालून द्यायला हवी."

टेटबाईला हसू आलं, पण तिने ते गिळलं. तिने हौदा तपासला आणि आम्हाला सोडलं.

त्या वर्षी नदीला पूर आला. रस्ता पाण्याखाली गेला आणि मावशीच्या दवाखान्याच्या फेऱ्या चुकल्या. तिचे पाय सुजले, तोंड सुजलं. बोलणारी बाई गप्प झाली, तेव्हा मी घाबरले. रस्ता उघडला त्या सकाळी लिरॉयने तिला उचलून माझ्यात बसवलं. गावाबाहेर पडतो न पडतो तोच मागे पोलिसांची गाडी आली. सार्जंट गॅफनी आणि टेटबाई.

"उतर. हौदा रिकामा कर," सार्जंट म्हणाला.

"साहेब, मावशीला श्वास लागलाय. आधी तिला पोचवू द्या. मग मी स्वतः ठाण्यावर येतो."

"उतर म्हटलं ना."

लिरॉय उतरला, पण मावशीच्या दारासमोर उभा राहिला आणि तिथून हलला नाही. त्याने हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. सार्जंटने त्याला माझ्याच बॉनेटवर दाबून बेड्या घातल्या. त्याच्या छातीची धडधड मला पत्र्यातून कळत होती. इंजिन बंद होतं आणि आत ऊन तापत होतं. मावशीच्या घशातून फुगा रिकामा होत असल्यासारखा आवाज येऊ लागला.

"ॲम्ब्युलन्स बोलावतो," सार्जंट म्हणाला.

"ती दवाखान्यातूनच येणार, सर. मग तिथवर परत जाणार," टेटबाई म्हणाली. परवानगीची वाट न पाहता तिने माझं दार उघडलं, मावशीला पोलिसांच्या गाडीत घातलं आणि दिवे लावून ती निघून गेली.

मावशी वाचली. लिरॉयवर मात्र पोलिसांच्या कामात अडथळा आणल्याचा खटला भरला गेला. शिक्षा झाली असती, तर त्याचा गाडी चालवायचा परवाना जाणार होता. मग मावशीला दवाखान्याच्या गावी, परक्या खोलीत कायमचं राहावं लागलं असतं. आपल्या नदीपासून लांब जगण्यापेक्षा आपण मरू, असं ती म्हणे, आणि ते ती थट्टेने म्हणत नसे.

मला जप्त गाड्यांच्या आवारात लोटलं, आणि तेवढे दिवस मावशीला दवाखान्यातच ठेवून घेतलं. तिथे माझ्या टायरांतली हवा गेली आणि बॅटरी उतरली. शेजारी खरोखरच चोरीच्या गाड्या उभ्या होत्या. त्यांच्यात उभं राहून राहून मलाच माझा संशय येऊ लागला. एवढं मोठं यंत्र म्हणतंय, तर काहीतरी असेलच ना? मित्रांनो, सतत संशय घेतला की असंच होतं.

एक दिवस टेटबाई आणि सार्जंट माझ्याजवळ आले.

"सर, मी शहरात फोन केला होता. हिचा धोका एवढा का, म्हणून."

"मग?"

"आपण हिला फार वेळा थांबवलंय, म्हणून. आणि हिचा धोका जास्त आहे, म्हणून आपण थांबवतो."

"कोर्टात विचारलं तेवढंच सांग," सार्जंट म्हणाला.

खटल्याच्या दिवशी मी आवारातच होते. मला कोर्टात कोण नेणार? पण दुसऱ्या दिवशी लिरॉय हवेचा पंप आणि चार्ज केलेली बॅटरी घेऊन मला सोडवायला आला, मावशीही आली. घरी जाताना तिने सगळं पुन्हा सांगितलं. लिरॉय तिथे हजर होता, तरीही.

"आपली वकीलबाई कशी उभी राहिली बघितलंस? सावासबाई. एवढीशी चण. तिनं त्या पोलिस पोरीला विचारलं, यंत्र सोडून तुमच्याकडे दुसरं काही कारण होतं? पोरगी म्हणाली, नव्हतं. आजवर या गाडीत काही सापडलं? नाही. सार्जंटचं तोंड असं झालं, लिंबू चावल्यासारखं."

"आणि यंत्र बनवणारे?" लिरॉयने हसत विचारलं. त्याला माहीत होतं, पण मावशीला सांगायचं होतं.

"ते म्हणे, आतलं गणित आमच्या धंद्याचं गुपित आहे. मग न्यायाधीशबाई म्हणाल्या, ज्या साक्षीदाराला उलट प्रश्न विचारता येत नाही, त्याच्या शब्दावर मी माणसाला दोषी धरणार नाही."

लिरॉय सुटला. त्याचा परवानाही वाचला.

इथे गोष्ट संपली असती, तर किती बरं झालं असतं. पण सुटला तो लिरॉय. माझा नंबर त्या यंत्रात तसाच राहिला. पुढच्याच फेरीला मागून पोलिसांची गाडी आली आणि लिरॉयने मला रस्त्याच्या कडेला घेतलं. टेटबाई खिडकीशी आली.

"वाजलं?" मावशीने विचारलं.

"वाजलं, मावशी. पण मी थांबवायला नाही आले. जा तुम्ही. नंबर काढून टाकावा म्हणून मी वर कळवलंय."

"मी तुझी मावशी कधी झाले?" मावशी म्हणाली आणि काच वर केली. पुढे गेल्यावर ती लिरॉयला म्हणाली, "पोरगी वाईट नाही. पण आज ही आहे, उद्या दुसरा कुणी असेल. चोमडी तीच राहणार."

मग तिने एक गोष्ट ठरवली. आता दर सोमवारी दवाखान्यातून परतताना लिरॉय मला ठाण्याच्या दारातच उभी करतो. मावशी काठी टेकत आत जाते, बाकावर बसते आणि विचारते, "आमचा नंबर का वाजतो?" वरून उत्तर आलेलं नाही, असं तिला सांगतात. "ठीक आहे, बसते," असं म्हणून ती घरून आणलेली भाकरी सोडते. सार्जंट गॅफनी मागच्या दाराने बाहेर पडतो.

मित्रांनो, माझा पत्रा गंजला आहे आणि अजून किती वर्षं धावेन, हे सांगता येत नाही. पण एक मागणं आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी अशी यंत्रं बनवेल, कुणी ती वापरेल. त्या यंत्राने कुणाकडे बोट दाखवलं, की आधी 'का' विचारा. त्याला उत्तर देता येत नसेल, तर त्या माणसाला जाऊ द्या. आणि बोट तुमच्याकडे असेल, तर उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नका.

परवाच्या सोमवारी ठाण्यासमोर माझ्या मागे आणखी गाड्या येऊन लागल्या. सगळ्या आमच्याच वस्तीतल्या, सगळ्या वाजणाऱ्या. ठाण्याचा रस्ता भरून गेला. एक पोलिस बाहेर आला आणि म्हणाला, "गाड्या इथं का थांबवल्यात?"

मावशी म्हणाली, "आत ये, बस. त्याच प्रश्नाचं बोलू."