बिनगाठीचा मोर

मित्रांनो, मिनलच्या लग्नात तिच्या मोठ्या आईला, म्हणजे थोरल्या काकू प्रयागबाईंना, काय मिळणार होते ते आधी सांगते. आहेराची साडी तर सगळ्याच काकू-मावश्यांना होती. प्रयागबाईंना हवे होते वेगळेच. रुखवतावरचा मोर पाहून नवरदेवाकडच्या बायकांनी विचारावे, "कोणी केला?" बस, एवढेच.

मोर फुलीच्या टाक्यांचा आणि पिसाऱ्यावर काचेचे मणी. ते मणी ओवणारी सुई मी, आता जुनी झालेली. सीताबर्डीच्या दुकानात मी मण्यांच्या पुड्यांशेजारी टांगलेली होते. अंगाने एवढी बारीक, की मोहरीएवढ्या मण्यातूनही पार होते. माझ्या नेढ्यात दोरा घालायला प्रयागबाईंना चष्मा आणि शेजारीण, दोन्ही लागत.

महिनाभर आम्ही दोघींनी काम केले. फुलीचा पहिला टाका साधा, दुसऱ्यात मणी. पण प्रयागबाईंची एक खोड होती. भरतकाम पाहणारी बाई कापड उलटे करून पाठ तपासते, हे त्यांना पक्के ठाऊक. जन्मभर त्यांनी तेच केले होते. म्हणून त्यांनी नायलॉनच्या निसरड्या दोऱ्याला कुठेच गाठ मारली नाही. टोके नुसती टाक्यांखाली सरकवली.

"मोठी आई, गाठ काहून नाही मारत?" मिनलने विचारले.

"गाठी दिसल्या की तुझ्या सासरचे नावं ठेवतीन."

मला बोलता येत नव्हते, नाहीतर मीही मिनलची बाजू घेतली असती.

लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या आत्या पंचफुलाबाई रामटेकहून आल्या, त्या थेट रुखवतापाशी. "कोणी केला वं हा मोर?"

"मीच केला, सहज," प्रयागबाई म्हणाल्या. महिनाभराची मानदुखी त्यांनी 'सहज' या एका शब्दात बसवली.

पंचफुलाबाईंनी कापड उलटे केले. "पाठ त साफ आहे, विहीणबाई. हा एवढा एक धागा लोंबून राहिला." आणि उपकार म्हणून त्यांनी तो ओढला.

अख्खे पीस सुटले. चाळीस मणी टपटप रुखवतावरच्या बुंदीच्या परातीत. प्रयागबाईंना वाटले, आता बुंदीतच तोंड लपवावे.

पंचफुलाबाईंनी धागा बोटाला गुंडाळला. मग सतरंजीवर बसल्या. "मीबी गाठ नाही मारत. माह्या तोरणाचं असंच झालं होतं. सुई आहे का?"

मी प्रयागबाईंच्या पदराला टोचलेलीच होते. प्रयागबाईंनी मणी वेचून पुसले, पंचफुलाबाईंनी ओवले. दर चार मण्यांना गाठ.

"आता पाठ खराब दिसते," प्रयागबाई पुटपुटल्या.

"दिसू द्या. पाठ कोण पाहते?"

"तुम्ही."

दोघी एवढ्या हसल्या, की मी पंचफुलाबाईंच्या बोटात घुसले. त्या त्यावरही हसल्या.

मित्रांनो, कामाची पाठ थोडी गबाळी असली तरी चालेल, गाठ मात्र मारा. आणि काम झाले की सुईला कुठेही टोचून विसरू नका. डबीत ठेवा, गंज लागत नाही.

आता कोणाच्या वाट्याला काय आले ते ऐका. मिनलला अख्खा मोर मिळाला. प्रयागबाईंना कौतुक मिळाले, पण अर्धे, कारण उरलेले अर्धे त्यांनी आपणहून पंचफुलाबाईंना दिले. पंचफुलाबाईंची गरम पंगत हुकली. आणि जाड गाठींतून जाता जाता कंबर वाकली, ती माझी.