नर तेवढे राखायचे

चार मुलीच झाल्या म्हणून सासऱ्यानं ठमाबाईला जन्मभर एकच बोल लावला, "शेतात मादी अन् घरात पोरी, दोन्हीनं नासाडीच." सासरा जाऊन पन्नास वर्षं झाली, पण तो बोल काही म्हातारीच्या मनातून गेला नाही. जाईल कसा? शेताचं तर त्याचं म्हणणं खरंच होतं, तिनं डोळ्यांनी पाहिलेलं.

तेव्हा सासरी सरकारी परवान्याचा गांजा व्हायचा. फुलोरा उमलायच्या आधी भल्या सकाळी ओळीओळीनं हिंडायचं आणि माद्या उपटून टाकायच्या. एखादी जरी राहिली तरी सगळ्या पिकात बी भरायचं, माल मातीमोल. तेरा वर्षांच्या या सुनेची नजर अख्ख्या शिवारात पक्की. हाताला चिकटलेली राळ तेल चोळल्याशिवाय सुटायची नाही, लुगड्याला आठ-आठ दिवस उग्र वास. बैलाला ढाळ लागले की पाला वाटून गुळातून चारायचा. काय ते दिवस होते, आठवलं की अजून जीव तिकडे धावतो.

आज ती हेच सांगायला नाशिकच्या कॉलेजात आली होती. तिसऱ्या लेकीची लेक रूपाली तिथे वनस्पतिशास्त्र शिकवते. टेबलावर जुन्या संग्रहातली भांगेची, म्हणजे गांजाचीच, दोन वाळकी झाडं, कागदावर चिकटवलेली. समोर वर्गभर पोरंपोरी. ठमाबाईनं पाहिलं न पाहिलं तोच बोट ठेवलं.

"ही उंच, किडकिडीत, फुलं लोंबणारी, ही मादी. उपटायची. अन् हा बुटका, दाट, हा नर. सगळा माल ह्याच्यात हाय. नर तेवढे राखायचे."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. रूपाली तिच्याशेजारी येऊन बसली.

"आजी, तुझी नजर बरोबर आहे गं, नावं तेवढी उलटी आहेत. किडकिडीत असतो तो नर. त्याचा पराग उडतो, म्हणून बी धरतं. तुम्ही राखायचात ती मादी." तिनं दाट झाडावर भिंग धरलं. "बी कुणाच्या अंगावर आहे, तूच बघ."

ठमाबाईनं पाहिलं. पुन्हा पाहिलं. चार बाळंतपणं केलेल्या बाईला एवढं साधं सत्तर वर्षं सुचू नये, याचा तिला भयंकर राग आला. मग डोळेच भरून आले.

"मामंजींना आता सांगता येणार नाय," ती म्हणाली. "तुझ्या आईला फोन लाव. अन् तिघी मावश्यांनाबी."